मागचा माणूस

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

मलप्पुरम, केरळ
ता. ९ मार्च

ती. आबांना,

हरीशचा इतक्या लांबून वाकून नमस्कार. वि. वि. मी इथं खुशाल आहे. तुमची, राधाअक्काची आणि मेंढरांची खुशाली लिहीत जावी.

तुमचं पत्र पोचलं. पत्ता अक्का इंग्रजीत लिहिते म्हणून पोचतं, न्हाईतर तुमच्या अक्षराला इथल्या पोस्टमननं हात जोडले असते. तुमचे कान गेले ते एका अर्थानं बरंच झालं बघा. फोनवर तुम्हाला ऐकू येत असतं तर माझ्यासारख्या नववी नापासानं जन्मात कुणाला पत्र लिहिलं नसतं.

गोवा सोडला. तिथं काही तकलीफ नव्हती, पण एका सकाळी उठलो आणि वाटलं, झालं इथलं. इथं भात निघालेल्या शेतात बांबूच्या गॅलऱ्या उभ्या करतात आणि पाऊस येईपर्यंत सात-सात गड्यांचा फुटबॉल चालतो. त्या गॅलऱ्या बांधायच्या आणि ग्राउंडवर चुन्याच्या रेघा मारायच्या, हे माझं काम. मधला गोल माझा एकदम बराबर येतो. खुंटी ठोकायची, दोरी बांधायची, चुना सांडत फिरायचं. तुम्ही मेंढरांना जाळी लावायचे तेव्हा मी असाच दोरीचं टोक धरून फिरायचो. इथला फणस केवढा असतो म्हणून सांगू, पहिल्या दिवशी मला वाटलं झाडाला कुणी कोकरू टांगलंय.

पण सांगायचं होतं वेगळंच. इथं घराघरावर झेंडे आहेत, एकतर अर्जेंटिनाचा न्हाईतर ब्राझीलचा. मला विचारतात तू कुणाचा. मी म्हणतो, आपल्या इंडियाचा. तर असं बघतात जसं माझ्या घरी कुणी वारलंय, आणि चहा पाजतात. आपली टीम ते बी बघतात, पण जीव तिकडं. जीव इकडं लावणारा त्या चहाच्या दुकानात मी एकटाच.

आपल्या टीमचा खेळ कसा आहे ते सांगतो. अकरातले दहा मागंच, आपल्या गोलासमोर दाटी करून. समोरचे येतात, मारतात, हे अंगावर घेतात, पडतात, उठतात, त्यात कसर न्हाई. पण बॉल पायाशी आला की पाय भाजल्यासारखं करतात. दोन पास द्यावेत, श्वास घ्यावा, ते न्हाई. उचलला आणि लांब पुढं मारून दिला. पुढं एकच पोरगा. तो तेवढ्या लांबून आलेला बॉल छातीवर घेतो, पाठीवर दोन धिप्पाड गडी घेऊन तसाच धरून ठेवतो आणि मागं बघतो. मागं कुणीच आलेलं नसतं. नुसतं गवत. मग बॉल जातो, आणि हा तोंड पुसत पुन्हा आपल्या जागी. दीड तास हेच. लोक म्हणतात भित्रा खेळ. मला तसं वाटत न्हाई. भित्रा माणूस अंगावर घेत न्हाई. काहून कोण जाणे, मला तो पुढचा पोरगा लई आवडतो.

या महिन्याच्या शेवटी आपली मॅच आहे. तुम्ही वारंगा फाट्याच्या अंगाला असाल तर रत्नपालच्या हॉटेलात टीव्ही आहे, बघा. आपले निळ्या कपड्यातले.

तुम्ही लिहिलं की नरसिंगकाका म्हणतात, दगडोबा, तुझ्या एकट्यानं आता होत न्हाई, तुझं मेंढरांचं खांड माझ्या खांडात मिसळून दे आणि तू घरी बस. तुम्ही त्यांना अक्षय्य तृतीयेला सांगतो म्हणालात, आणि मला विचारलं, तुझं काय म्हणणं. आता मी काय म्हणणार. उन्हाळा इथं बी जबर आहे. गॅलरीचा बांबू दुपारी हातात धरवत न्हाई.

तुमची माया आहेच, ती अशीच पोस्टानं येऊ द्यावी.

तुमचा
हरीश

~

वारंगा फाटा
ता. ३० मार्च

चि. हरीशला,

दगडोबाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. मेंढरं खुशाल हायेत, मी बी खुशाल हाय. मेंढरांचं आधी लिवलं म्हणून रुसू नको.

हळद निघाली. फाट्याजवळ एका हळदवाल्याच्या वावरात मेंढरं बसवलीत. त्याला लेंडीचं खत, आमाला जागा. मालक भला हाय, सकाळी चहा धाडतो, पर मोठ्यानं बोलतो. मी त्याला सांगितलं, बाबा, मोठ्यानं बोलून काय बी फायदा न्हाई, हळू बोल आन हात हलव.

तुझी मॅच पाहिली. रत्नपालनं मला पुढची खुर्ची दिली. बाकीची माणसं टीव्हीतल्या बोलणाऱ्याचं ऐकून हसत होती, चिडत होती. मला ते काय बी न्हाई. म्या नुसती पोरं बघितली. तू लिवलं ते बराबर हाय. पर एक सांग, त्या वेगळ्या रंगाच्या पोराला काहून कुणी खेळू देत न्हाई? एकटं मागं उभं केलंय. सगळे पळून राहिले आन ते बिचारं हातमोजे घालून दांड्याला टेकलंय. काही गुन्हा केला काय त्यानं? मी रत्नपालला विचारलं तर तो हसून हसून गल्ल्यावर पडला आन त्यानं जे सांगितलं ते मला ऐकू आलं न्हाई.

तुझा तो पुढचा पोरगा मला बी वळखू आला. पोरगं कामाचं हाय. पर त्यानं मागं काहून बघावं लागतं? आपल्यात पुढचा मेंढका कधी मागं बघतो काय? पुढच्यानं वाट धरायची आन मागच्यानं हाक मारत यायचं. ती हाक कानावर पडत ऱ्हायली की पुढच्यानं समजायचं, सगळी येऊन राहिली. तू मागं होतास तवा मी आपल्या गोरेगावपासून औंढ्यापस्तोर मान वळवली न्हाई. कान मंद झाले तरी तुझी हाक मला पाठीला कळायची. आता मी चार पावलं चालतो आन मागं बघतो. मान दुखते. बाकी काय न्हाई.

आणखी एक गंमत. दरसाल आपण मेंढरांच्या पाठीवर गेरूचा पट्टा मारतो. औंदा निळा मारला. म्हटलं पोराची टीम निळी हाय, आपलं बी खांड निळं असू दे. लांबून लई झकास दिसतं. नरसिंगाच्या मेंढरांचा पट्टा निळाच असतो, ते मला ठाव हाय, पर त्याचं खांड कळमनुरीच्या अंगाला असतं, इकडं कशाला येतंय.

त्यानं पुन्हा सांगावा धाडला हाय. तृतीया येऊन राहिली. तू काय लिवलं न्हाईस. फणसाचं लिवलंस.

जेवत जा. आमच्यावर जीव हाय तेवढा राहू दे, वाढला तर वाढू दे.

तुझा आबा
दगडोबा

~

त्याच पाकिटात

प्रिय हरीश,

आबांचं पाकीट पत्ता घालायला माझ्याकडे औंढ्याला आलं, त्यात ही चिठ्ठी सरकवते आहे. त्यांना कळू देऊ नकोस. फोनवर सांगितलं असतं, पण तू एकतर उचलत नाहीस, आणि उचललास तरी हसण्यावारी नेतोस. कागदावर लिहिलेलं तरी तुला हसून उडवता येणार नाही.

आबांनी मान दुखते एवढंच लिहिलंय. झालं असं, की मागच्या आठवड्यात फाट्यावर हायवे ओलांडताना ते पुढे होते आणि अर्धी मेंढरं मागे रस्त्यातच थबकली. ट्रकवाला हॉर्न वाजवत आला. आबा पाठमोरे, रस्त्याच्या मधोमध. रत्नपाल हातातला झारा टाकून धावला आणि त्यांना दंडाला धरून ओढलं. ट्रक थांबला, पण बांडी मेंढी गेली. तुझी लाडकी होती. आबा तिच्याजवळ बसून राहिले आणि ट्रकवाल्यालाच म्हणाले, तुझी चूक नाही बाबा, तू वाजवलंस असणार.

तुझे दाजी म्हणतात, आबांनी आमच्याकडे येऊन राहावं. आबा म्हणाले, मंदिराच्या पायरीवर बसून लोकांच्या चपला राखू काय. मी त्यांना दोष देत नाही. पण खांड नरसिंगकाकांना दिलं तर आबा कशाच्या पुढे चालतील, ते मला समजत नाही. तुला ये म्हणत नाही. तुला ये म्हटलं की तू आणखी एक गाव पुढे जातोस, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

आठवण ठेव, आमच्याकडे तुझी आहे.

तुझी अक्का
राधिका

~

मलप्पुरम
ता. ७ एप्रिल

ती. आबांना,

हरीशचा नमस्कार, अक्काला वेगळा. वि. वि. पत्र मिळालं. बरं वाटलं, वाईट बी वाटलं.

आधी त्या वेगळ्या रंगाच्या पोराचं सांगतो. त्यानं काही गुन्हा केलेला न्हाई. तो गोलकीपर. हातानं बॉल धरायची मुभा फक्त त्याला, म्हणून कपडे वेगळे. पण तुम्ही म्हणता तसं ते एकटं दिसतं खरं. आपल्या टीममधी दोन टोकाला दोन एकटे आणि मधी सगळी गर्दी मागं सरकलेली. मी इतके दिवस पुढच्याकडंच बघत होतो, मागच्या टोकाचा माझ्या ध्यानात आला नव्हता.

मी ती मॅच चहाच्या दुकानात बघितली. सुरुवातीला पाचसहा जण होते. मग एक उठला, मग दोघं उठले. दुकानवाल्यानं विचारलं चॅनेल बदलू का. मी नको म्हटलं तर त्यानं आवाज बंद केला आणि आपल्या कामाला लागला. म्हणजे आबा, तुम्ही जशी बघितली तशीच मी बी बघितली. आवाज नसला की वेगळंच दिसतं. बॉल सोडून माणसं दिसतात. आपले गडी एकमेकांकडं बघतच न्हाईत. चांगलं खेळणाऱ्या टीममधी बॉल यायच्या आधी हात वर होतो, मान हलते, काहीतरी चाललेलं असतं. आपल्यात प्रत्येक जण आपापलं संकट एकट्यानं निभावून राहिला. शूर आहेत, पण एकएकटे शूर. हे मला इथल्या कुणाला सांगायचं होतं. सांगायला हिंदी पुरली असती, ऐकणारा नव्हता.

काल दुपारी ग्राउंडवर रेघा मारून झाल्या. गॅलऱ्या सगळ्या रिकाम्या, ऊन नुसतं पडलेलं. मी मधल्या गोलात उभा राहिलो आणि काय वाटलं कोण जाणे, आपली मेंढरांना मारायची हाक मारली, पोट भरून. कुणी वळलं न्हाई. बांधाला एक बकरी होती, तिनं मान बी उचलली न्हाई. मल्याळी असणार.

बांड्या मेंढीचं कळलं. कसं कळलं ते विचारू नका आणि अक्काला रागावू नका. रस्ता ओलांडताना तरी कुणाला तरी हाताशी घेत जा.

मेळ्याचं, म्हणजे या सात-सातच्या खेळाचं काम मे संपेपर्यंत आहे. मुकादम म्हणतो पुढं कोलकात्याला चल, तिथं बी फुटबॉल आहे. बघू. इथं मला मागं खेचणारं काही न्हाई, आणि पुढं ढकलणारं बी काही न्हाई, तरी पाय चालूनच राहिलेत.

खांडाचं तुम्हाला बराबर वाटेल ते करा. मी लांब बसून काय सांगू.

राग असला तरी तो मायेच्या खाली ठेवा.

तुमचा
हरीश

~

वारंगा फाटा
ता. १४ एप्रिल

चि. हरीशला,

आबाचे आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र काल पोचलं. त्याचं उत्तर द्यायला बसणार तर आजच एक कारभार झाला, तो आधी सांगतो.

पाणी आटलं म्हणून नरसिंगानं आपलं खांड इकडच्या तळ्यावर आणलं. मला काय ठाव. मी माझी मेंढरं घेऊन बांधावरून उतरलो तर खाली सगळं निळं. आपल्या मेंढरांनी पाणी बघितलं आन धावली. माझ्या ध्यानात येईपस्तोर दोन्ही खांडं एक झाली. गेरूचा पट्टा असता तर घटकाभराचं काम होतं. आता ह्या बी निळ्या, त्या बी निळ्या. मी मधी उभा, कपाळाला हात लावून.

नरसिंगाच्या गड्यांनी हाका मारल्या. काही निघाली, काही न्हाई निघाली. मग म्या हाक मारली. राधी आज पुरणपोळ्या घेऊन आली होती, ती हात हलवत म्हणाली, आबा, तुमचा आवाज आता पहिल्यासारखा ऱ्हायला न्हाई. मला माझा ऐकू येत न्हाई ना, मग तो कधी चिरका जातो, कधी तोंडातल्या तोंडात ऱ्हातो. मेंढरांनी माझ्याकडं बघितलं आन पुन्हा पाणी प्यायला लागली. नरसिंग माणूस वाईट न्हाई. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आन हातानंच दाखवलं, आता एकच झालं, राहू दे. तृतीयेपस्तोर कशाला थांबायचं. मी मान हलवणारच होतो.

तवर राधीनं फोन काढला होता. तू कितव्यांदा उचललास कुणास ठाव, पर उचललास. फाट्यावरच्या खेमाची जीप रस्त्याला उभी होती. त्याच्या जीपमधी लग्नाची गाणी वाजवायचे दोन मोठे डब्बे असतात, ते सगळ्या जिल्ह्याला ठाव हायेत. त्यानं जीप वावरात घेतली आन राधीचा फोन त्याला जोडला. मला कुणी काय सांगितलं न्हाई. मी आपला मेंढरांकडं बघत उभा.

आन हरीश, एका वक्ताला मुंडकी वळली. पाणी पिता पिता वळली, तोंडातून पाणी गळून राहिलं तशी. आधी म्हाताऱ्या मेंढ्या, मग त्यांच्या पोटच्या, मग ज्या कोकरांनी तुला जन्मात बघितलं न्हाई ती आयांच्या मागं. नरसिंगाची एक बी हलली न्हाई. मला ऐकू काय बी आलं न्हाई. पर ती मुंडकी वळली तवा म्या वळखलं, माझं पोरगं बोललं. कान गेल्यापासून तुझा आवाज म्या पहिल्यांदा बघितला.

सगळी जीपला जाऊन भिडली. मग तुला हुडकायला लागली. एकीनं खेमाच्या खिडकीत तोंड घातलं, दोनतीन जीपच्या खाली वाकून बघून राहिल्या. तुझा फोन राधीनं कधीच बंद केला होता, तरी हालेनात. तिथंच उभ्या. त्यांना मी कसं सांगू, की तो इथं न्हाई.

आपली एक बी मागं ऱ्हायली न्हाई. नरसिंग बी हसला.

तुझ्या पत्राचं. तू लिवलंस, बराबर वाटेल ते करा. मी केलं बी. शनिवारी निघतो, फाट्यावरून कळमनुरीच्या वाटेनं, आन तृतीयेला खांड नरसिंगाच्या हाती देतो. आज जीप होती. रोज जीप कुठून आणू. रस्त्यावर एक दिवस रत्नपालचा झारा हातातून सुटणार न्हाई, आन मेंढी न्हाई, मी जाईन. माझं काय न्हाई, पर मागं खांड बेवारस फिरंल.

कोलकात्याला जा. तिथं बी ग्राउंड असतील. गोल बराबर काढ.

तुझा लोभ मेंढरांवर असाच राहू दे, त्यांना लई कळतो.

दगडोबा

ता. क. हे राधीच्या हाती देतो. ती म्हणते घाई हाय, पोस्टात न टाकता मोबाईलवर फोटो काढून धाडते. धाडू दे.

~

रत्नपालचं हॉटेल, वारंगा फाटा
ता. १८ एप्रिल, शनिवार

ती. आबांना,

नमस्कार. वि. वि. नांदेडवरून आत्ताच उतरलो. रत्नपालभाऊनं हा कागद दिला, भज्याचं तेल लागलंय त्याला, चालवून घ्या. तो म्हणतो, तुम्ही सकाळीच खांड घेऊन निघालात, आत्ता नाल्याच्या पुलाच्या पुढं असाल, पुढं एकटेच, दर चार पावलाला मागं बघत.

अक्कानं पाठवलेला फोटो मी ग्राउंडवर वाचला. वाचला आणि मधला गोल अर्धाच ठेवून निघालो. मुकादम ओरडत होता. सामानात एक निळी जर्सी आहे, तुमच्यासाठी घेतली होती, मापानं मोठी निघाली. रेल्वेत बायको-लेकरं घेऊन चाललेला एक माणूस भेटला, त्याच्याशी फुटबॉलवरून लई भांडलो. तो म्हणाला, आपल्या टीमला पुढं एक मोठा खेळाडू पाहिजे. मी म्हटलं न्हाई, पुढचा आहे, चांगला आहे. त्याच्या मागं कुणीतरी धावत गेलं पाहिजे, ओरडत. त्यानं तोंड फिरवलं. पण माझं बराबर होतं.

आबा, नरसिंगकाकाकडं जा. तृतीयेचं जेवण जेवू. खांड देऊ नका.

खेमा जीप घेऊन निघालाय, हा कागद तो तुम्हाला समोरून येऊन देईल. मला म्हणाला बस, दोन मिनटांत पोचवतो. मी बसलो न्हाई. जीपमधून उतरलो तर मी तुमच्या पुढं उतरेन, आणि माझी जागा तिथं न्हाई. मी रस्त्यानं पायी मागून येतो. भरभर चालतो, तुम्ही तुमच्याच चालीनं चाला.

हे वाचून झालं की कागद घडी करून खिशात टाका आणि वाटेला लागा. मागं बघू नका, मान दुखते तुमची. नुसतं तुमच्या बाजूनं चालणाऱ्या म्हाताऱ्या मेंढीकडं लक्ष ठेवा. तिचं मुंडकं वळलं की समजा.

तुमचा
हरीश